जुनाट रोग आणि आयुर्वेदीय चिकित्सेचा क्रम

उपचाराला हात घालण्याआधी रोग कितपत बरा होणारा आहे याचा निवाडा वैद्याने करावा, असे चरकसंहिता बजावून सांगते. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात तिने रोगांचे चार गट पाडले आहेत. सहज बरे होणारे ते सुखसाध्य, कष्टाने आणि वेळ घेऊन बरे होणारे ते कृच्छ्रसाध्य, पथ्य व औषध चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारे ते याप्य, आणि ज्यांना वैद्याने हात लावू नये ते प्रत्याख्येय. मधुमेह, दमा, सांध्यांचे विकार, सोरायसिस, जुने आम्लपित्त असे जे रोग वर्षानुवर्षे माणसाची पाठ सोडत नाहीत, त्यांतले बहुतेक मधल्या दोन गटांत मोडतात. याप्य रोग्याची अवस्था सांगताना सुश्रुताने कोसळू पाहणाऱ्या घराचा दाखला दिला आहे. योग्य जागी टेकू लावला तर असे घर उभे राहते. हे वर्गीकरण आयुर्वेदाच्या जुनाट रोगांकडे पाहण्याच्या दृष्टीचा पाया आहे, आणि ‘कोणताही जुना रोग मुळापासून बरा’ असे फलक लावणाऱ्यांना शास्त्राचा आधार नाही, हेही त्यातूनच उघड होते. असाध्य रोगाला साध्य म्हणून हात घालणारा वैद्य पैसा, विद्या आणि कीर्ती तिन्ही गमावतो, असा इशारा त्याच अध्यायात आहे.

रोग जुना का होतो, याचे आयुर्वेदाचे उत्तर अग्नीपासून सुरू होते. खाल्लेल्या अन्नाचे नीट पचन झाले नाही की अर्धवट पचलेला, चिकट, जड असा भाग शरीरात उरतो. त्याला आम म्हणतात. हा आम बिघडलेल्या दोषांबरोबर शरीरभर हिंडतो आणि जिथे स्रोतस, म्हणजे शरीरातला वहनमार्ग, आधीच दुबळे असेल तिथे अडकतो. चरकाने अशी तेरा स्रोतसे सांगितली आहेत : प्राण, उदक, अन्न, सात धातू आणि तीन मल यांची. सुश्रुताने याच प्रवासाचे सहा टप्पे केले. दोष आपल्याच जागी साठतो तो संचय, मग प्रकोप, मग प्रसर, मग एखाद्या दुबळ्या जागी ठाण मांडणे म्हणजे स्थानसंश्रय, मग रोग स्पष्ट दिसणे म्हणजे व्यक्ती, आणि शेवटी उपद्रवांसह तो पक्का होणे म्हणजे भेद. बहुतेक रुग्ण दवाखान्यात पोहोचतात ते पाचव्या टप्प्यावर, जुनाट रोगांचे तर बरेचदा सहाव्यावर. तोवर दोष एकट्याने राहिलेला नसतो. तो रस, रक्त, मांस, मेद अशा धातूंत खोल शिरलेला असतो. धातू जितका खोलचा, तितका रोग चिवट. म्हणून वरवरचे लक्षण दबले तरी रोग उलटतो, असे वैद्य सांगतात.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत आम म्हणजे नेमके काय, याचे एकमेव उत्तर अजून कोणी दिलेले नाही. कोणी त्यात दाहकारक द्रव्ये पाहतो, कोणी आतड्यांतील सूक्ष्मजीवांचा बिघडलेला समतोल. अशी जोडाजोड घाईने करण्यात अर्थ नाही. आम ही लक्षणांवरून बांधलेली संकल्पना आहे, आणि ती लक्षणे वैद्याला रोज दिसतात : सकाळी जिभेवर जाड पांढरा थर, अंग जड, भूक मेलेली, मल चिकट, तोंडाला चव नाही, रात्रभर झोपूनही आळस. ही लक्षणे असली तर रोग साम, गेली तर निराम. जुनाट रोगाची चिकित्सा ठरवताना वैद्याचा पहिला निर्णय याच एका फरकावर उभा असतो.

कारणांचा शोध तितकाच तपशिलात घेतला जातो. शास्त्राने रोगाची मूळ कारणे तीनच सांगितली. इंद्रियांचा विषयांशी चुकीचा संबंध, काळाचा व ऋतूचा परिणाम, आणि कळत असूनही चुकीचे वागणे म्हणजे प्रज्ञापराध. जुनाट रोगांत तिसरे कारण फार मोठे ठरते. मल, मूत्र, शिंक, भूक, तहान, झोप, अश्रू असे तेरा नैसर्गिक वेग दाबून ठेवू नयेत, असे चरक सांगतो. बसच्या रांगेत, कॉल सेंटरच्या पाळीत किंवा स्वच्छतागृह नसलेल्या कामाच्या जागी हे वेग रोज दाबले जातात, आणि त्यात बायकांची संख्या मोठी असते. जेवणाच्या वेळा, आधीचे जेवण पचण्याआधी पुन्हा खाणे, दुपारची झोप, रात्रीचे जागरण, रोजचे दही, दूध आणि फळे एकत्र खाणे यांची विचारपूस होते. विरुद्धाहाराचे अठरा प्रकार चरकाने दिले आहेत. मराठी घरांत आवडीने होणारे शिकरण वैद्यांच्या त्वचारोगाच्या अपथ्यांत हटकून सापडते, आणि रुग्णाला सर्वांत जड जाणारे पथ्यही बरेचदा तेच असते.

तपासणीचा आराखडा चरकाच्या विमानस्थानातील दशविध परीक्षेत आहे : प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. यातले रोगाबद्दलचे कलम विकृती हे एकच. बाकीची नऊ रोग्याबद्दलची आहेत. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती ही अष्टविध परीक्षा मागाहून रूढ झाली. नाडीपरीक्षेला आज जे वलय आहे ते चरक-सुश्रुतांच्या मूळ ग्रंथांत नाही. तिचे व्यवस्थित वर्णन शार्ङ्गधरसंहितेत येते. मनगटावर तीन बोटे ठेवून क्षणात रोग सांगण्याची कीर्ती एखाद्या वैद्याला मिळत असेल, पण जुनाट रोगाचे निदान प्रश्नोत्तरांतूनच होते. चांगल्या वैद्याची पहिली भेट पाऊण तास, तासभर चालते. भूक लागते का, की घड्याळ पाहून जेवता? जेवल्यावर किती वेळाने हलके वाटते? शौचाला एकदा जाऊन समाधान होते का? झोप लागायला उशीर होतो, की पहाटे जाग येते? दुखणे पावसाळी हवेत वाढते की उन्हात? पाळी नियमित आहे का? आजार सुरू होण्याच्या आधीच्या वर्षात घरात, नोकरीत काय घडले? केसपेपरवर या उत्तरांच्या शेजारी रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे आणि चालू गोळ्यांची यादीही लिहिली जाते, किंवा लिहिली जायला हवी.

निदानाच्या पाच साधनांत उपशय नावाचे एक साधन आहे. माधवकराच्या माधवनिदानाने ते घरोघरी पोहोचवले. रोग ओळखता येईना, तर अन्न, औषध किंवा वागण्यातला एखादा बदल करून पाहायचा. त्याने बरे वाटते की त्रास वाढतो, यावरून रोगाची जात ठरवायची. गुडघे दुखणाऱ्या दोन माणसांना कोमट तिळतेल चोळले तर झिजेच्या संधिवाताच्या रुग्णाला आराम पडतो आणि आमातून होणाऱ्या आमवाताच्या रुग्णाचे सांधे आणखी धरतात, आणखी सुजतात. घरी आजी प्रेमाने लावते ते तेल इथे त्रास वाढवते, आणि त्या त्रासावरूनच वैद्याला रोगाचे नाव सापडते.

चिकित्सेची पहिली पायरी निदानपरिवर्जन, म्हणजे कारण थांबवणे. ती सांगायला सोपी आणि पाळायला सर्वांत अवघड. पथ्य सांभाळले तर औषधाची गरज काय आणि पथ्यच नसेल तर औषधाचा उपयोग काय, अशा अर्थाचा विचार लोलिंबराजाच्या वैद्यजीवनात आहे, आणि वैद्यवर्गात तो आजही तोंडपाठ आहे. त्यापुढे दोन वाटा होतात : वाढलेले दोष शरीराबाहेर काढणारे शोधन, आणि जागच्या जागी शांत करणारे शमन. कोणती वाट घ्यायची हे रोग्याचे बळ, दोषाचे प्रमाण, वय आणि ऋतू पाहून ठरते. थकलेल्या, हाडे दिसणाऱ्या रुग्णाचे शोधन करणे ही चूक. स्थूल, कफाने भरलेल्या रुग्णाला लगेच पौष्टिक पाक देणे ही दुसरी चूक. साम अवस्थेत तूप, तेल, बस्ती देणे ही तिसरी, आणि व्यवहारात तीच सर्वाधिक घडते. पंचकर्म केंद्रांच्या जाहिरातींमुळे कित्येक लोक आम पचवण्याआधीच अभ्यंगाच्या टेबलावर जाऊन पडतात.

वमन, विरेचन, निरूह (काढ्याची) बस्ती, अनुवासन (तेलाची) बस्ती आणि नस्य ही चरकाची पंचकर्मे. सुश्रुताच्या परंपरेत रक्तमोक्षणाला मानाचे स्थान आहे. वसंतात वमन, शरदात विरेचन, वर्षा ऋतूत बस्ती असा ऋतुक्रम आहे. विरेचनाचा एक क्रम जवळून पाहिला तर यातली शिस्त कळते. आधी दीपन-पाचन औषधे देऊन भूक चेतवतात. मग स्नेहपान : सकाळी उपाशीपोटी औषधी तूप, पहिल्या दिवशी साधारण ३० मिलिलिटर, मग रोज वाढवत तीन ते सात दिवस. तूप प्यायल्यावर गरम पाणी, आणि कडकडीत भूक लागेपर्यंत दुसरे काही नाही. त्वचा तुकतुकीत झाली, मलात तूप दिसू लागले, तुपाच्या वासानेही नकोसे वाटू लागले की स्नेहन पुरे झाले. पुढचे तीन दिवस अभ्यंग आणि वाफेचा शेक. चौथ्या दिवशी सकाळी निशोत्तर किंवा दुसरे विरेचक. दिवसभरात दहा वेग झाले तर शुद्धी अल्प, वीस झाले तर मध्यम, तीस झाले तर उत्तम. केवळ आकडा नव्हे, तर शेवटी कफ पडला का, अंग हलके झाले का, हेही पाहायचे. त्यानंतर संसर्जन क्रम : पहिल्यांदा पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग मुगाचे बिनफोडणीचे कढण, मग फोडणीचे, अशा पायऱ्यांनी उत्तम शुद्धीत सात दिवसांनी रुग्ण रोजच्या जेवणावर येतो. एकूण तीन आठवडे सहज जातात. शनिवार-रविवारी आटोपणाऱ्या पंचकर्माच्या ‘पॅकेज’मध्ये यातले काय उरते, हे उघड आहे.

आमवात हे या सगळ्या क्रमाचे सर्वांत बोलके उदाहरण. त्याचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात प्रथम येते, आणि चिकित्सेचा क्रम अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने घालून दिला : लंघन, स्वेदन, कडू-तिखट दीपन द्रव्ये, विरेचन, स्नेहपान आणि बस्ती. आधुनिक वैद्यकातील रुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी याची लक्षणे बरीच जुळतात, पूर्णपणे नाहीत. सकाळी उठल्यावर बोटांची मूठ वळत नाही, सांधे गरम व सुजलेले, अंगात कसर, तोंडाला चव नाही. सुरुवातीला रुग्णाला दूध, दही, उडीद, गूळ, मासे, मैदा बंद करून मुगाचे कढण, ज्वारीची भाकरी, सुंठ घालून उकळलेले पाणी यांवर ठेवतात. शेक कोरडा : तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी सांध्यावर फिरवायची, तेलाचा थेंबही नाही. रास्नासप्तक किंवा रास्नापंचक काढा, सिंहनाद गुग्गुळ, आणि सुंठीच्या काढ्यातून एरंडतेल. आमवातात एरंडतेलाचे माहात्म्य जुन्या ग्रंथांनी तोंड भरून गायले आहे, आणि महाराष्ट्रातल्या वैद्यांनी ते आजही टिकवले आहे. जीभ स्वच्छ झाली, भूक परतली, जडपणा गेला की मग वैतरण किंवा क्षार बस्ती. तूप-तेलाची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

या उदाहरणात एक गंभीर बाजूही आहे. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये पहिल्या काही महिन्यांत दाह आवरला नाही, तर सांध्यांची हाडे झिजतात आणि ती झीज भरून येत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे हा दाह रोखतात, हे पक्के सिद्ध झालेले आहे. वेदना कमी झाली, पण दाह दाखवणारा रक्तातला सीआरपी चढाच आहे आणि एक्स-रेत झीज वाढते आहे, असे असेल तर चिकित्सा यशस्वी म्हणता येत नाही. वैद्याने आपल्या शास्त्रातल्या लक्षणांबरोबर हे आकडेही पाहिले पाहिजेत.

मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाच्या प्रकरणांत जुन्या ग्रंथांची निरीक्षणशक्ती थक्क करते. वीस प्रकार, त्यांत दहा कफाचे, सहा पित्ताचे आणि चार वाताचे. कफज साध्य, पित्तज याप्य, वातज असाध्य. सतत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही चरकाने दिलेली कारणे आजच्या आहारतज्ज्ञाच्या यादीत बिनदिक्कत बसतील. सुश्रुताने जन्मतः येणारा आणि अपथ्याने होणारा असे दोन भाग केले. पहिल्यातला रुग्ण कृश, दुसऱ्यातला स्थूल. पहिल्याला पोषण द्यायचे, दुसऱ्याचे कर्षण करायचे. दुसऱ्याला सांगितलेला व्यायाम तर विलक्षण आहे : गरीब रुग्णाने अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालावे, गुरांमागे हिंडावे, विहीर खणावी. जव, मूग, कडू भाज्या, हळद-आवळ्याचे चूर्ण ही आहार-औषधाची बाजू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचे सांगितले. उंबरठ्यावरच्या या लोकांत, आणि नुकत्याच निदान झालेल्या स्थूल रुग्णांत, आयुर्वेदाच्या आहार-विहाराला खरा वाव आहे. ज्याच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही त्या टाइप-१ च्या मुलाचे इन्शुलिन कोणत्याही काढ्यासाठी थांबवता येत नाही. तिथे थांबवणे म्हणजे जिवाशी खेळणे.

त्वचारोगांत आणि दम्यात शोधनाचा क्रम पुनःपुन्हा करावा लागतो. कुष्ठ या व्यापक नावाखाली सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे येतात, आणि त्यांसाठी वाग्भटाने पंधरवड्याला वमन, महिन्याला विरेचन, दर तीन दिवसांनी नस्य व सहा महिन्यांनी रक्तमोक्षण असे वेळापत्रकच दिले आहे. आजचा वैद्य ते जसेच्या तसे वापरत नाही. सोरायसिसच्या रुग्णाला वर्षातून एकदा वसंतात वमन आणि शरदात विरेचन देणे ही रूढ पद्धत. तमकश्वासाला, म्हणजे दम्याला, ग्रंथ याप्य म्हणतात आणि नवा असेल तरच साध्य मानतात. झटका आल्यावर पंप घ्यावा, आणि दोन झटक्यांमधल्या काळात वैद्याकडे जावे, अशी वाटणी जाणते वैद्य स्वतःच करतात.

मनाच्या चिकित्सेला ग्रंथांनी सत्त्वावजय असे स्वतंत्र नाव दिले आहे. जुन्या दुखण्याने माणूस चिडचिडा होतो, झोप जाते, झोप गेल्याने दुखणे वाढते. अपथ्यातून रुग्णाला बाहेर काढताना वैद्याचे बोलणे हेच औषध ठरते. शोधनानंतर रसायन, म्हणजे धातूंना बळ देणारी चिकित्सा, येते. ती मळलेल्या वस्त्राला दिलेल्या रंगाप्रमाणे आधी शुद्धी नसेल तर चढत नाही, असा ग्रंथांचा दाखला आहे. बाजारातून च्यवनप्राशाची बरणी आणणाऱ्या मधुमेहीला या क्रमाची आणि बरणीतल्या साखरेची, दोन्हींची कल्पना नसते.

ही विद्या आज ज्या रूपात उभी आहे, त्याला महाराष्ट्राने मोठा हातभार लावला. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिकमध्ये अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली, आणि त्यांचा ‘आर्यभिषक्’ पिढ्यान्पिढ्या मराठी घरांच्या फडताळात राहिला. गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय काढले. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चे. आज बीएएमएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यावर एक वर्ष आंतरवासिता. त्यातून बाहेर पडणाऱ्या तरुण वैद्यांचा मोठा भाग मात्र ॲलोपॅथीची औषधे लिहिण्यात किंवा खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा डॉक्टर होण्यात जातो. जुनाट रोगावर सांगोपांग आयुर्वेदीय चिकित्सा करणारा वैद्य शहरातही शोधावा लागतो, आणि तीन आठवड्यांचे पंचकर्म हातावर पोट असणाऱ्या रुग्णाला रोजंदारी बुडवून परवडत नाही.

पुराव्याचा इतिहास आशादायक आहे आणि खडतरही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम मांडला आणि एका भारतीय मुळाने जगाच्या औषधशास्त्रात जागा मिळवली. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. ते रक्तदाब उतरवत होते, पण काही रुग्णांत खिन्नता आणत होते, आणि पुढे मागे पडले. गुग्गुळाची गोष्टही अशीच बोधप्रद. बनारसमध्ये सत्यवती यांनी १९६६ च्या प्रबंधात सुश्रुताच्या मेदोरोगवर्णनाचा धागा पकडून गुग्गुळ आणि रक्तातील चरबी यांचा संबंध दाखवला. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत मात्र गुग्गुळाच्या अर्काने कोलेस्टेरॉल कमी झाले नाही. एलडीएल किंचित वाढलेच. वैद्य म्हणतात की पथ्य, लंघन, अनुपान काढून टाकून एकटा अर्क दिला तर ती आयुर्वेदाची परीक्षाच नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग पूर्ण क्रमाची परीक्षा करून दाखवण्याची जबाबदारीही म्हणणाऱ्यावरच येते.

तसे प्रयत्न झाले आहेत. कोइमतूरमध्ये रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ४३ रुग्णांवर ३६ आठवडे चाललेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिथे प्रत्येक रुग्णाची आयुर्वेदीय औषधे वैद्याने रुग्ण पाहून ठरवली आणि तरीही कोणाला मेथोट्रेक्सेट, कोणाला आयुर्वेदीय औषध आणि कोणाला दोन्ही मिळत आहेत हे रुग्ण व परीक्षक यांपासून लपवण्यात यश आले. तिन्ही गटांत परिणाम सारखे दिसले. रुग्णसंख्या इतकी कमी आहे की यावरून बरोबरीचा दावा करता येत नाही. पण व्यक्तिनुरूप चिकित्सेची चाचणी घेताच येत नाही, हा जुना बचाव मात्र या चाचणीने मोडीत काढला. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ साली ‘रुमॅटॉलॉजी’त आली. शल्लकी, गुळवेल, सुंठ असलेले योग ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तोडीस तोड ठरले. मात्र आयुर्वेदीय गटातील काही रुग्णांत यकृताचे एक विकर वाढलेले आढळले, आणि संशोधकांनी ते न लपवता छापले. भगंदरावरील क्षारसूत्राची, म्हणजे क्षाराचा लेप दिलेल्या दोऱ्याची, आयसीएमआरने केलेली बहुकेंद्री चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षारसूत्राने जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागला, पण रोग उलटण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. पुन्हा पुन्हा होणाऱ्या भगंदराच्या रुग्णाला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही. प्रकृतीच्या कल्पनेवरही काम झाले आहे. २०१५ साली २६२ निरोगी पुरुषांच्या जनुकांची तुलना करताना काही भेद प्रकृतीशी जुळताना दिसले. हे संकेत आहेत. त्यावरून प्रकृतीनुसार औषध ठरवणे सिद्ध झाले, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर वैद्यवर्गाने अधिक मोकळेपणाने बोलायला हवे. २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. रसशास्त्राने भस्मांसाठी कडक कसोट्या घालून दिल्या आहेत : भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे, बोटांच्या रेषांत बसले पाहिजे, त्यात चमक उरता कामा नये, ते पुन्हा धातुरूपात येता कामा नये. या कसोट्यांवर उतरलेले भस्मही वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळच घ्यायचे असते. जुनाट रोगाचा रुग्ण मात्र एकदा लिहून दिलेली गोळी दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेतो. विषारी गणलेली द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती वाचतो कोण, हा प्रश्न उरतो. वनस्पतीही निरुपद्रवी असतातच असे नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत पोहोचला, आणि मुंबईतील यकृततज्ज्ञांनी तो घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असावी, असा आक्षेप घेतला. वाद कोणत्याही बाजूने मिटो. वनस्पतीची खात्री, मात्रा आणि मुदत या तीन गोष्टी सैल सोडता येत नाहीत, एवढे त्यातून ठरतेच. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. आसव-अरिष्टांत गूळ-साखर व आपोआप तयार झालेले मद्य असते. वमन हृदयरोग्याला, गर्भवतीला, वृद्धाला द्यायचे नाही, हे ग्रंथांनीच सांगून ठेवले आहे.

फसव्या दाव्यांना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे, आणि मधुमेहासारखा रोग बरा करण्याची जाहिरात त्याने निषिद्ध ठरवली आहे. तरीही वर्तमानपत्रांत, दूरदर्शन वाहिन्यांवर आणि मोबाइलवर असे दावे रोज दिसतात. याचा सर्वांत मोठा तोटा प्रामाणिक वैद्याला होतो, कारण तो रुग्णाला सहा महिने पथ्य सांगतो आणि पलीकडचा माणूस एकवीस दिवसांत गोळ्या सोडवण्याची हमी देतो.

चालू गोळ्या सोडवण्याचा प्रश्नच जुनाट रोगात शेवटी सर्वांत नाजूक ठरतो. वैद्याकडे येणारा रुग्ण बहुधा आधीच रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, साखरेच्या गोळ्यांवर असतो, कधी स्टिरॉइडवर. बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एकदम थांबवले तर शरीर कोलमडू शकते. ते उतरत्या मात्रेनेच कमी करावे लागते. पथ्य आणि औषधांनी साखर उतरू लागली की जुन्या गोळीचा डोस तसाच ठेवल्यास ती धोक्याइतकी खाली जाऊ शकते, म्हणून तो घटवावा लागतो. घटवल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी पाहावे लागते. हे काम रुग्णाच्या मूळ डॉक्टरला कळवून, दोघांच्या सहमतीने आणि तपासण्यांच्या आधारावर होते. काही रुग्णालयांत आता वैद्य आणि संधिवाततज्ज्ञ एकाच केसपेपरवर लिहितात. बहुतेक ठिकाणी मात्र रुग्ण दोन दवाखान्यांच्या दोन वेगळ्या फायली सांभाळतो आणि एकाची औषधे दुसऱ्यापासून लपवतो. वैद्याने पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्यांची पाकिटे मागवून टेबलावर मांडली, त्यांची नावे आणि डोस स्वतः लिहून घेतले आणि आपल्या औषधांची यादी लेटरहेडवर लिहून रुग्णाच्या डॉक्टरकडे पाठवली, तर ही लपवाछपवी संपते, आणि कोणते औषध कशाने कमी झाले याची नोंदही राहते.